१० किलोची पिशवी घेऊन मागच्या काळात जायचं झालं, तर काय न्याल?

माळरान

गेल्या महिन्यात गावाकडचं जुनं घर उतरवायला काढलं. माळ्यावर धडप्यात बांधलेली पणजोबांची वही सापडली. सगळं मोडीत. मोडी वाचणाऱ्या एका स्नेह्यांना दाखवली. कुणाला किती पायल्या ज्वारी दिली, बैल केवढ्याला घेतला, न्हाव्याचं बलुतं, असा साधा घरगुती हिशेब. शके १८२२च्या ज्येष्ठात, म्हणजे सन १९००मध्ये, हिशेब एकदम थांबतो आणि नुसती नावं सुरू होतात. नऊ दिवसांत सहा नावं, सहाही आमच्याच घरातली. प्रत्येक नावापुढे एकच शब्द: पटकी, म्हणजे कॉलरा. शेवटचं नाव नाहीच, तिथे फक्त 'तान्ही' असं लिहिलंय. मग एक कोरं पान, आणि पुढच्या पानावर पुन्हा ज्वारी.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. त्या ज्येष्ठात मला त्या घराच्या दारात उभं राहता आलं असतं, तर हातात काय असायला हवं होतं?

म्हणून हा धागा. अटी माझ्या तीनच. पिशवी १० किलोची. वीज किंवा नेटवर्क लागणारी वस्तू नको. आणि तुम्ही परत आल्यावरही तिथल्या माणसांना ती गोष्ट वापरता आली पाहिजे. साल आणि ठिकाण तुम्ही निवडा, पण नेमकं सांगा. 'भूतकाळात' असं मोघम नको.

बखरप्रेमी

थेऊर, १७७२. थोरल्या माधवरावांसाठी क्षयाची औषधं. सत्ताविसाव्या वर्षी १८ नोव्हेंबरला चिंतामणीच्या देवळात गेले. पानिपतानंतर अकरा वर्षांत ज्या माणसाने दौलत परत उभी केली, त्याला एका जंतूने नेलं. दुसरं काही नकोच. स्ट्रेप्टोमायसिनच्या कुप्या आणि सुया.

मऊभात

लवंगी मिरचीचं बी, आळंदी, तेरावं शतक. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली. म्हणजे ज्ञानदेवांच्या काळी भाकरीबरोबर ठेचा नव्हता. पुडीभर बी पुरे. परसात एकदा लागलं की तिसरी अटही पूर्ण!

अर्धविराम

@ मऊभात, मग बटाटाही घ्या. शब्दसुद्धा पोर्तुगीज आहे. पण तो भाकरीबरोबर नको, उपासाला.

काढाचिकित्सा

@ बखरप्रेमी, मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्ट्रेप्टोमायसिन एकटं नेऊ नका. १९४३मध्ये ते सापडलं आणि पाच वर्षांत लक्षात आलं की एकट्या औषधाला जंतू सरावतात. रोगी आधी सुधारतो, मग पुन्हा ढासळतो आणि तेव्हा ते औषध लागू पडत नाही. आज आपण चार औषधं एकत्र देतो, सहा महिने. पहिले दोन महिने चारही, पुढचे चार महिने तीन. साधारण बांध्याच्या माणसाला एकत्र केलेल्या रोज चार गोळ्या. सगळा कोर्स मिळून ६७२ गोळ्या होतात, वजन किलोच्या आत. तुमच्या पिशवीत नऊ-दहा माणसांचे कोर्स मावतील. एका पेशव्याला न्यायचे असले तरी सगळे न्या, कारण त्यांच्या उशाशी बसणाऱ्यांनाही लागणार आहेत.

अडचण वेगळीच आहे. दोन-तीन आठवड्यांत ताप उतरतो, भूक लागते, वजन वाढायला लागतं. माझ्याकडचे शिकलेसवरलेले रुग्ण दुसऱ्या महिन्यात गोळ्या सोडतात. शिवाय रिफाम्पिसिनने लघवी केशरी-लाल होते. मी प्रत्येक रुग्णाला हे पहिल्या दिवशीच बजावून सांगतो. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी घाबरून फोन येतो. पेशव्यांचे वैद्य ती लघवी बघतील आणि त्याच दिवशी तुमचं औषध बंद करतील. बरं वाटल्यावर घोड्यावर बसायला निघालेल्या माधवरावांना 'अजून चार महिने रोज गोळी घ्यायची आहे' हे कोण सांगणार?

केतकी७

रमाबाई.

बखरप्रेमी

@ केतकी७, तुमचा एक शब्द वाचला आणि थोडा वेळ स्क्रीनकडे नुसता बघत बसलो. थेऊरला नदीकाठचं त्यांचं वृंदावन पाहिलंय मी. गोळ्यांची पिशवी रमाबाईंच्या हातात द्यायची. ठरलं. @ काढाचिकित्सा, मनापासून आभार, चार औषधांचं पटलं.

धुळवड

माधवराव वाचले तर पुढचा सगळा इतिहास बदलणार. मग आपण जन्मू तरी का?

माळरान

@ धुळवड, तो प्रश्न मोठा आहे, पण त्यात शिरलो तर पिशवी रिकामीच राहील. इथे काय न्यायचं तेवढंच बोलू.

शेतकरी_मोहोळ

१६३०चा दुष्काळ, देहू परिसर. त्या दुष्काळात तुकोबांची थोरली बायको अन्नावाचून गेली, घरातलं पोरगं गेलं. मी बी नेणार. मालदांडी ज्वारी.

हिशोब सांगतो. कोरडवाहू रब्बी ज्वारीला एकरी चार किलो बी लागतं. बरं वर्ष असलं तर एकरी चार क्विंटल होतात, म्हणजे एकाचे शंभर. एक किलो नेलं तर पहिल्या वर्षी एक क्विंटल. ते सगळं पेरलं तर दुसऱ्या वर्षी शंभर क्विंटल, तिसऱ्या वर्षी दहा हजार. म्हणून दुष्काळाच्या वर्षी जाऊन उपयोग नाही. तीन-चार वर्षं आधी जायचं आणि पेवं भरून ठेवायची.

आणि कृपा करून कुणी संकरित बी नेऊ नका. पहिलं पीक बघून लोक तुम्हाला खांद्यावर घेतील. त्याच पिकाचं बी ठेवून पेरलं की दुसऱ्या वर्षी एक ताट उंच, एक बुटकं, कणसं कशीही. गाव म्हणेल, पाहुण्याने फसवलं. सरळ वाणच न्यायचा, ज्याचं बी घरच्या घरी धरता येतं. आमची आई कणसं निवडायची ती खळ्यावर नाही, उभ्या रानात. ताट मध्यम, कणीस भरलेलं, दाणा मोत्यासारखा आणि शेजारच्या ताटाला कीड नाही, असं बघून कणसाला चिंधी बांधायची. ती चिंधीची कणसं वेगळी मळायची आणि राखेत घालून मडक्यात ठेवायची. मला पिशवीत दोन किलो बी आणि बाकीच्या जागेत आई न्यायची आहे.

अर्धविराम

@ शेतकरी_मोहोळ, शेवटचं वाक्य फार आवडलं. 'अटी तीनच' मध्ये आई बसते का ते धागाकर्त्याने सांगावं.

माळरान

बसते. वजन धरणार नाही.

पुराभिलेख

बियाण्याबद्दल थोडा मतभेद नोंदवतो. १६३०ला पाऊसच पडला नव्हता, तिथे पेवांचा उपयोग झाला असता हे मान्य. पण १८७६-७८च्या दुष्काळात बी नेऊन काय करणार? तेव्हा या देशातून धान्य बाहेर जातच होतं. आगगाडी होती, बंदरं होती आणि गहू बोटीत चढत होता. सरकारी कामावर खडी फोडणाऱ्या गड्याला टेंपलसाहेबाने दिवसाला १ पौंड धान्य ठरवलं, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम, वर एक आणा. मुंबई इलाख्यात त्याविरुद्ध लोक कामं सोडून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला अहवालामागून अहवाल पाठवले.

मी तिथे उष्मांकांचं कोष्टक नेईन असं पूर्वी वाटायचं. 'खडी फोडणाऱ्या माणसाला इतकं लागतं, तुम्ही इतकंच देताय.' पण मद्रासेचे सॅनिटरी कमिशनर कॉर्निश हेच सांगत होते, तेही सरकारच्याच नोकरीत राहून. आकडे होते. ऐकायचं नव्हतं. तिथे आपल्या काळातलं काय उपयोगी पडेल हे मला अजूनही सुचलेलं नाही.

मुक्काम_औसा

@ पुराभिलेख, तुमचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलो. एरवी मी नुसता वाचतो.

मला ३० सप्टेंबर १९९३च्या आदल्या दिवशी किल्लारीत जायचंय असं कितीतरी वर्षं वाटायचं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बुडवून आलेली माणसं गाढ झोपलेली. आम्ही लांब होतो, आमच्या घराची एक भिंत गेली, माणसं राहिली. मामाच्या गावात माणसं राहिली नाहीत.

पण तारीख सांगून काय होणार? आधल्या वर्षी, ऑक्टोबर ९२ला, किल्लारीत धक्के बसलेच होते. लोक बाहेर झोपत होते, गाव हलवा म्हणत होते. मग धक्के थांबले, पाऊस आला, माणसं पुन्हा घरात गेली. जमिनीने स्वतः येऊन सांगितलं होतं. माझं कोण ऐकणार?

म्हणून मी १९९३ला जात नाही. मी शंभर वर्षं आधी जातो आणि गवंड्याला गाठतो. आमच्याकडची घरं माळवदाची. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडं, लाकडांवर मातीचा थर. दर पावसाळ्याच्या तोंडी गळू नये म्हणून पांढरी माती आणून अजून एक थर. आजोबांनी घातला, वडिलांनी घातला, मीही पोरपणी घमेली वाहिली. वर चढून तुडवायला मजा यायची. तो सगळा बोजा वर साचत होता. आणि खालच्या भिंतीत बाहेरचे दगड वेगळे, आतले वेगळे, मध्ये चिपा आणि माती. हलली की भिंत मधून फाटते, आतली बाजू झोपलेल्यावर आणि त्यावर माळवद.

गवंड्याला सांगायचं एवढंच. दर दोन-तीन हातांवर एक लांब दगड आरपार घाल, दोन्ही बाजू शिवून घे. दारखिडक्यांच्या वर घराला चारी बाजूंनी लाकडाचा पट्टा बांध, कमरेला पट्टा बांधतात तसा. जुनी माती काढल्याशिवाय वर नवी घालू नको. याला न वीज लागते, न सिमेंट. माझी पिशवी रिकामीच आहे. पण मी त्या गवंड्याबरोबर एक घर पुरतं बांधून येईन, म्हणजे त्याच्या हाताला ते बसेल. त्याची पोरं पुढची घरं तशीच बांधतील.

केतकी७

@ मुक्काम_औसा, लिहिते राहा. नुसते वाचक राहू नका.

डब्लिनची_सई

मलाही 'रिकाम्या पिशवी'बद्दलच लिहायचं होतं, पण आधी एक सावधगिरीची सूचना. आपण स्वतःच एक पिशवी आहोत. आपल्या अंगावर, घशात असे जंतू आहेत जे त्या काळच्या माणसांनी कधी पाहिलेले नाहीत. युरोपातून माणसं अमेरिकेत गेली तेव्हा तिथले लोक देवी आणि गोवराने किती मेले हे आपण वाचलंय. तेव्हा जाण्याआधी दोन आठवडे कुठेतरी एकटं राहून मगच निघायचं. 'तान्ही'च्या घरी आपण सर्दी घेऊन जायला नको.

नाण्यांचा_डबा

तिथे खाणार काय, राहणार कुठे? आपल्या नोटा चालणार नाहीत. मी शिवणाच्या पोलादी सुयांची पाकिटं नेईन. वजन शून्य, प्रत्येक घराला हवीच. १८८०च्या आधी जात असाल तर ॲल्युमिनियमचा डबा न्या. स्वस्तात काढायची रीत १८८६मध्ये सापडली. त्याआधी ती चैनीची धातू होती. १८८४मध्ये अमेरिकेने वॉशिंग्टनच्या स्मारकाच्या टोकावर मिरवायला ॲल्युमिनियमचाच कळस बसवला. आपल्या शाळेच्या डब्यात तिथे वर्षभराचं रेशन निघेल.

केतकी७

आता माझी पिशवी. पुणे, फेब्रुवारी १८९७. सासाणे मळ्यातला दवाखाना. डॉक्सिसायक्लिनच्या दोन स्ट्रिप्स, वीस गोळ्या, सकाळ-संध्याकाळ दहा दिवस. सावित्रीबाईंसाठी. मुंढव्याहून प्लेगचं पोर पाठीवर घालून आणलं आणि स्वतःला लागण झाली. १० मार्चला गेल्या. वय ६६. वीस गोळ्या! रिक्षात पर्स उघडली की माझ्याकडे याहून जास्त गोळ्या निघतात.

सिस्टर

@ केतकी७, त्या गोळ्या त्यांनी स्वतः घेतल्या असत्या असं वाटतं का तुम्हाला? दवाखान्यात शेजारी गाठीच्या तापाची माणसं पडलेली असताना?

केतकी७

@ सिस्टर, नाही. वाटून टाकल्या असत्या. मग १० किलो गोळ्याच.

पुराभिलेख

१० किलोही संपतील आणि प्लेग पुढे वर्षानुवर्षं राहिला. तिथे एक वाक्य न्यायला हवं: उंदरावरची पिसू. १८९७मध्ये पुण्यात सोजीर घरात शिरून सामान रस्त्यावर फेकत होते, भिंतींवर औषधं मारत होते, माणसांना उचलून नेत होते. त्या जुलमाचा शेवट २२ जूनला रँडच्या खुनात झाला. आणि पिसवांचा हात आहे हे सायमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवलं ते १८९८मध्ये, तेही पुढे बरीच वर्षं कुणी मानलं नाही. पुण्यात एक वर्ष आधी कुणी सांगितलं असतं की मेलेल्या उंदराला हात लावू नका, लांबूनच उकळतं पाणी ओता, माणसांना ओढून नेऊ नका, तर घरांची ती दैना टळली असती.

धुळवड

आजी सांगायची, उंदीर पडायला लागले की गाव माळावर जायचं, झोपड्या घालून राहायचं. म्हणजे पिसू ठाऊक नव्हती, पण वागणं बरोबर होतं.

काढाचिकित्सा

@ धुळवड, हे महत्त्वाचं आहे. जे आधीच बरोबर चाललंय त्याला 'असंच करा, हे का बरोबर ते मी सांगतो' म्हणून सुरुवात केली तर माणसं ऐकतात. 'तुमचं सगळं चुकीचं' म्हणत गेलं की दार बंद. सेमेलवाइसने १८४७मध्ये व्हिएन्नात डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू एकदम खाली आले. पण त्याचा अर्थ 'या बायका तुमच्या हातांनी मेल्या' असा होत होता आणि ते डॉक्टरांना सोसलं नाही.

माझी स्वतःची निवड देवीची लस. वाळवलेल्या लशीच्या कुप्या आणि दोन दातांच्या सुया, मुंबई बेट, १७००च्या आसपास. ही सुई मी वडिलांच्या पेटीत पाहिलीय. ते आरोग्य खात्यात होते. बोटाएवढी लांब, टोकाला काट्यासारखे दोन दात. लशीत बुडवली की दोन दातांच्या मध्ये नेमका एक थेंब धरून ठेवते. दंडावर भराभर पंधरा टोचे. उकळली की पुन्हा तीच सुई. शिकवायला अर्धा तास पुरतो. आणि ही लस एकदा लागली की तुमच्या कुप्यांची गरज उरत नाही. एकाच्या दंडावरच्या फोडातली लस दुसऱ्याला देता येते. मुंबईत १४ जून १८०२ला पहिली लस तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला टोचली, ती बगदाद-बसऱ्याकडून अशीच दंडावरून दंडावर आली होती. धोका एवढाच की दंडावरून दंडावर देताना गरमीसारखे (सिफिलिस) रोगही जाऊ शकतात, म्हणून पोर निवडताना डोळ्यात तेल घालून बघायचं. शेतकरी_मोहोळ यांच्या आईने कणीस निवडलं तसं.

शेतकरी_मोहोळ

_/\_

संपादक

पानिपतावरचे सहा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. दुर्बीण, नकाशे आणि दत्ताजींना निरोप यांची चर्चा तिथे करावी.

मऊभात

माझी मिरची राहिली ना इथे?

संपादक

मिरची राहिली.

सिस्टर

आता मूळ प्रश्नाकडे येते, कारण माळरान यांच्या वहीतली 'तान्ही' दोन दिवस मनातून जात नाहीये. बाकीच्यांनी पेशव्यांना, सावित्रीबाईंना वाचवलं. त्या सहा जणांना कुणीच औषध दिलेलं नाही.

मी ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच तालुक्याला. पटकीचा रुग्ण कसा दिसतो ते सांगते. संडास तांदळाच्या धुवणासारखा, वास नाही, थांबत नाही. डोळे आत जातात. हाताच्या बोटांची कातडी धुणं धुतल्यावर होते तशी सुरकुतते. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते. आवाज बसतो. माणूस शुद्धीवर असतो आणि फक्त पाणी मागतो. आणि त्या काळात पाणीच द्यायचे नाहीत! वाटायचं, वर पाणी घातलं की खाली वाहतं. मोठमोठ्या डॉक्टरांचंही तसंच, रक्त काढ, पारा दे, अफू दे. सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्रीपर्यंत जायचा, तो निव्वळ पाणी आणि मीठ संपून.

१९७१मध्ये बांगलादेशातले निर्वासित बनगावला आले तेव्हा तिथे डॉ. दिलीप महालनबीस होते. दोन खोल्या, जमिनीवर माणसं, सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. त्यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांत भरलं, पिंपाला नळ लावले आणि नातेवाइकांना सांगितलं, पाजत राहा. तीसेक टक्के माणसं जात होती, ती चार टक्क्यांच्या आत आली. पाजणारे कोण? आई, बहीण, शेजारीण.

घरचं प्रमाण सगळ्यांना पाठ असायला हवं. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. साखर कशाला, असं बायका विचारायच्या. आतड्यात साखर आत जाताना मिठाला हाताला धरून नेते आणि मिठामागून पाणी जातं. हे दार पटकीतही उघडं असतं. नुसतं पाणी किंवा नुसतं मीठ तेवढं आत जात नाही.

माळरान, तुमच्या घरात त्या ज्येष्ठात मीठ होतं. गूळ होता. चूल होती. तुम्हाला काही न्यायची गरज नव्हती.

माळरान

सिस्टर, दोनदा वाचलं. नंतर लिहितो.

डब्लिनची_सई

@ सिस्टर, याला जोडून. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० अशी दहा वर्षं बायकांना घरोघर पाठवून हेच शिकवलं, १ कोटी २० लाखांहून जास्त घरांत. लिटर आणि चमचा घरोघर नव्हता म्हणून माप हाताचं: तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणाऱ्या बाईचा पगार कशावर? काही दिवसांनी दुसरं कुणीतरी जाऊन बघायचं की आईच्या लक्षात किती राहिलंय आणि तिला ते बनवता येतं का. जितकं राहिलं तितके पैसे. मला वाटतं, मागच्या काळात जाणाऱ्याने ही शिकवण्याची रीत न्यावी.

केतकी७

आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तसंच केलं ना. गावातल्याच बायका शिकवून नवजात बाळांची काळजी घरात घेतली. ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तिथेही मोठं यंत्र नव्हतं.

बखरप्रेमी

पण १९००मध्ये गुळाचं पाणी पाजा म्हणणाऱ्या अनोळखी माणसाचं कोण ऐकणार? मरीआईचा कोप म्हणून गाडा वेशीबाहेर नेणारं गाव ते.

सिस्टर

@ बखरप्रेमी, मी नोकरीला लागले तेव्हाही गाडा निघायचा. मी गाड्याला कधी नाही म्हटलं नाही. देवीला नैवेद्य दाखवा, तेच गूळपाणी तांब्यात घेऊन घरी न्या आणि आजाऱ्याला चमच्याचमच्याने द्या, असं सांगायचे. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, पुन्हा द्या. जेवढं गेलं तेवढं आत घाला. एक माणूस संध्याकाळी उठून बसला की पुढच्या घरी मला बोलायलाच लागायचं नाही. त्याची आईच सांगायची.

आणि पाणी उकळून. विहिरीजवळ घाण नको. हे राहिलंच होतं.

मुक्काम_औसा

म्हणजे एक घर पुरतं बांधून दाखवायचं. बरोबर.

शेतकरी_मोहोळ

गूळ नसला तर? दुष्काळाचं वर्ष होतं ते.

सिस्टर

तांदळाची पातळ पेज, नाहीतर ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील, मीठ घालून. तेही चालतं. पिठातूनही साखरच सुटते.

माळरान

सगळ्यांचे आभार. काल गावी गेलो होतो. आत्या ८१ वर्षांची आहे, वहीतल्या घरातली आता तीच सगळ्यात मोठी. तिला ती नावं वाचून दाखवली. तिला त्यातली दोन ठाऊक होती, 'तान्ही' ठाऊक नव्हती.

मग तिला म्हटलं, आपण एक करून बघू. चमचा न वापरता. घरातला जुना पितळी तांब्या मापून बघितला, काठोकाठ भरल्यावर लिटरला थोडा कमी. अर्ध्या शेराला एक चिमूट आणि एक मूठ, या हिशेबाने आत्याने पाणी उकळून गार केलं, गूळ फोडून दोन मुठी घातला, तीन बोटांच्या दोन चिमटी मीठ. तिची मूठ लहान, माझी मोठी, म्हणून मी पुन्हा माझ्या मुठीने केलं. दोन तांबे, दोन चवी. कुठलं बरोबर ते कळेना. सिस्टरना फोन लावला. (नंबर व्यक्तिगत निरोपातून दिल्याबद्दल आभार.) त्या म्हणाल्या, चाखून बघा, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. खारट लागलं तर टाकून द्या आणि नवं करा, किंवा पाणी वाढवा.

आत्याने माझा तांब्या चाखला, जिभेवर क्षणभर धरला आणि फुलपात्रभर पाणी वाढवलं.